पांदणीतले दोन सेनापती

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. मी सव्वीस वर्षांचा होतो, माझ्या दावणीला एकच बैल होता आणि अर्धं गाव माझ्या वैरावर होतं.

बाहेरून कोणी चालून आलं नव्हतं. आमच्या गावाची आमच्याच गावाशी लढाई लागली होती. एका पारावर बसणारे, एकमेकांच्या तिरडीला खांदा देणारे लोक पोळ्यापासून दसऱ्याच्या तोंडापर्यंत दोन फळ्या करून उभे होते. नाल्याच्या वरच्या अंगाला राहणारे ते वरले, खालच्या अंगाला राहणारे ते खालचे. मी वरला. बाजारहत्नूरच्या बाजूला, डांबरी सडकेपासून आत आमचं गाव आहे. तिथं आजही त्या सालाला कोणी साल म्हणत नाही, लढाईचा पोळा म्हणतात.

श्रावण सरत आला की ते दिवस माझ्या अंगात येतात. कपाशीची पऱ्हाटी कमरेला लागलेली असते. तिचं सकाळी पिवळं उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. काळ्या जमिनीतून कढत वास निघतो, आणि घराघरांतून जुन्या झुली, घुंगरं, शिंगांचं बेगड पेटीतून बाहेर येतं. आता झुली जास्त आणि बैल थोडे. ट्रॅक्टरला बेगड लावणारेही आहेत. लावू द्या. मी माझा एक बैल ठेवला आहे. मुलगा विचारतो, बाबा, हा काय कामाचा? मी म्हणतो, तू काय कामाचा ते मी विचारतो का?

यंदा पोळ्याच्या पाच दिवस आधी सरपंचबाई घरी आल्या. सुनंदा नाव. माहेर खालच्या अंगाचं, सासर वरच्या अंगाचं, म्हणून दोन्हीकडचे तिचं ऐकतात. ओट्यावर बसली, चहा घेतला, आणि म्हणाली, "काका, एक काम हाये तुमच्याकडं."

"बोल."

"तोरणाचा मान पाटलाच्या घरचा होता. पाटलाचे पोरं आता आदिलाबादले राह्यतात, घरी बैल नाही. तोरण तं बांधावं लागते. आमी ठरवलं, दोरीचं एक टोक वरल्यांच्या एका घरी, एक टोक खालच्यांच्या एका घरी. लढाईच्या पोळ्याले ज्या बाजूचा जो मोठा सेनापती, त्याच्या घरी. पिढीजात. मंग पुन्हा भांडण नको."

"आन सेनापती कोण होता ते कोण सांगणार?"

"तुमी. त्या साली पुढं असलेले तुमी आन लक्षुमनकाका, दोघंच उरले. लक्षुमनकाका त्या गोष्टीवर तोंड उघडत नाहीत."

"मी उघडतो म्हणून माह्याकडं आली?"

"तुमचं बंद कवा असते, काका?" म्हणाली आणि हसली.

मी सांगितलं, खांदशेकणीच्या दिवशी पारावर सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं चोळून पळसाच्या पानांनी शेकायचे असतात, ती खांदशेकणी. मला चार दिवस मिळाले.

सुनंदा गेल्यावर सून आतून बाहेर आली. "मामाजी, वरल्यांकडून तुमीच. त्यात इचार काय करून राह्यले?"

"आपलं नाव आपणच घ्यावं का?"

"सत्तेचाळीस वर्षं तं घेऊनच राह्यले."

खोटं नव्हतं. लढाईच्या पोळ्याची गोष्ट गावात मीच सांगत आलो आहे. लग्नात, बारशात, बसची वाट बघताना. त्या गोष्टीत खालच्यांचा लक्ष्मण साठ माणसं घेऊन शिवाराच्या वाटेवर, पांदणीत येतो, मी काट्यांच्या मागे उभा असतो, आणि लक्ष्मण पळतो. दर वेळी पळतो. पण त्या गोष्टीतला एक तुकडा मी कधी सांगितला नव्हता. तो सांगितला, तर दोरी माझ्या दारावरून परत जाते. नाही सांगितला, तर दोरी माझ्या घरात पिढीजात येते आणि लक्ष्मण जन्माचा पळपुटा राहतो. मला चार दिवस पाहिजे होते ते यासाठी.

सेनापती पारखायचा कसा? मी मराठी दुसरीपर्यंत शिकलो. पुढं मास्तर तेलुगूतून शिकवायला लागले तेव्हा मी पाटी घरी नेऊन ठेवली. पुस्तकातल्या लढाया मला माहीत नाहीत. पण बैल पारखायला मला कोणी शिकवू नये. बाजारात लोक बैलाला ओढायला लावून बघतात. अरे, ओढतो तर कोणताही बैल. मी विकणाऱ्याला सांगतो, गाडी भर, आणि उतारावर आण. भरलेली गाडी मागून ढकलत असते, तेव्हा जो मान वर करून, खूर रोवून ती थोपवतो, त्याची मला किंमत. जो तिच्यासोबत धावत सुटतो त्याची नाही, कितीही देखणा असो.

हीच पारख मी माणसांना लावली. आधी दुसऱ्यांना लावली, मग स्वतःला.

लढाई लागली ती बैलांवरूनच. त्या काळी गावात अर्ध्याहून जास्त घरी एकेकच बैल. एका बैलावर ना नांगर चालतो ना पेरायची तिफण. म्हणून दोन घरांनी आपापला बैल जोडायचा, आज तुझं वावर, उद्या माझं. याला सायड म्हणत. सायड ही सोयरिकीसारखी असे. माझा पवळ्या आणि लक्ष्मणचा हिऱ्या, पाच वर्षं आमची सायड होती. पवळ्या उजव्या अंगाचा, हिऱ्या डाव्या अंगाचा. जू उचललं की दोघं आपापल्या जागी येऊन मान घालत. लक्ष्मण आणि मी त्यांच्या मागे तसेच चालत होतो, मी उजवीकडे, तो डावीकडे. तो कमी बोले. मी दोघांचं बोलत असे.

मान पाटलाच्या जोडीचा. नामदेव पाटील आमचे वरले. त्यांची जोडी तोरणाखालून गेल्याशिवाय कोणाची जोडी पुढं जायची नाही. त्या वर्षी खालच्यांनी म्हटलं, घरं आमची जास्त, एक साल मान आम्हाला द्या. कोणी ऐकलं नाही. मग पोळ्याच्या दिवशी, वाजंत्री सुरू असताना, खालच्यांनी एक जोडी गर्दीतून रेटून पुढं आणली आणि पाटलाच्या जोडीपुढं उभी केली. ती जोडी आमची होती, पवळ्या-हिऱ्याची. एका बाजूनं कासरा लक्ष्मणच्या हातात, एका बाजूनं माझ्या.

हे लक्ष्मणच्याही मनात नव्हतं. त्याचं तोंड मी बघितलं आहे. मागून लोकांनी ढकललं आणि आम्ही दोघं, बैलांसकट, तोरणाखाली आलो. वाजंत्री थांबली. वरल्यांतून कोणी ओरडलं, "किसन, तू कोणाचा बे?"

मी कोणाचा, हे मला तोवर कोणी विचारलंच नव्हतं. पवळ्या आणि हिऱ्याच्या गळ्यात एकच दोरी होती, जोडीची. मी ती सोडली. सगळ्या गावासमोर पवळ्याला बाहेर काढलं आणि पाटलाच्या मागे जाऊन उभा राहिलो. हिऱ्या एकटा तोरणाखाली उभा होता, सजवलेला. मान वळवून पवळ्याकडे बघत होता.

तिथून गाव फाटलं. गोड्या पाण्याची विहीर आमच्या बाजूला होती. आम्ही तिच्यावर माणूस बसवला. पिठाची गिरणी त्यांच्या बाजूला होती. त्यांनी वरल्यांचं दळण बंद केलं. ते नाल्याचं पाणी गाळून प्यायचे, आमच्या बाया जाती काढून बसल्या. आज डोळे मिटले की त्या लढाईचा पहिला आवाज मला जात्याचाच ऐकू येतो, सकाळच्या झुंजुरक्यात घराघरातून येणारी घरघर. माझी बायको रुक्मा, तिच्या हाताला फोड आले होते. तिनं हात माझ्यापुढं धरले आणि म्हणाली, "तुमी पांदणीत लढा. पिठाशी आमीच लढतो." ती आता नाही. असती तर सेनापती कोण, ते तिलाच विचारलं असतं, आणि तिनं एका शब्दात सांगितलं असतं. म्हणून तर ती होती तेव्हाही विचारलं नाही.

गावातून शिवाराकडे जायला एकच पांदण. दोन्ही बाजूंनी मातीचे धुरे म्हणजे बांध, मधून गाडीवाट. खालच्यांची बरीचशी वावरं पांदणीच्या पलीकडे. भादव्यात मी ती पांदण अडवली. कोणी सांगितलं नव्हतं, पाटलांनीही नाही. मीच सहा जण गोळा केले, बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून आणल्या, वाळल्या शेंगांसकट, पानांसकट, आणि माणसाच्या छातीइतका ढीग आडवा रचला. ते काम मी इतकं नेटानं केलं की आताही आठवलं तर मन फुगतं. मी सेनापती झालो होतो. सगळे मला विचारून काम करत होते. पाटील घरात बसले होते आणि मी बाहेर होतो.

आता तो तुकडा.

ढिगाऱ्याखाली आम्ही सात कुऱ्हाडी ठेवल्या होत्या. दांडे आमच्याकडे, चटकन हाताला येतील असे. हातात काठ्याच दाखवायच्या. खालचे काटे काढायला वाकले, की कुऱ्हाडी उचलायच्या. ही माझी अक्कल. मी हे हसत ठरवलं होतं.

हस्ताचं ऊन होतं. खालचे आले. साठ नाहीत, पन्नासाच्या आत असतील; साठ मी पुढं वाढवले. काठ्या सगळ्यांच्या हातात. लक्ष्मण पुढं. त्यानं हातानंच मागच्यांना थांबवलं, आणि एकटा ढिगाऱ्यापाशी आला. माझ्याकडे न बघता एक फांदी धरली आणि उचलली. हातात काटा गेला, रक्त आलं. तरी फांदी सोडली नाही, कारण त्याला खाली दांडा दिसला होता.

तो दांडा तिवसाच्या लाकडाचा होता. लक्ष्मणनंच मला तासून दिला होता, दोन वर्षांपूर्वी, माझ्या हाताच्या मापाचा. मूठ कुठं यावी तिथं त्यानं एक खाच ठेवली होती. ती खाच त्यानं ओळखली. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. त्या नजरेत राग असता तर मी आजवर बरा जगलो असतो.

त्यानं फांदी हळूच खाली ठेवली, दांडा झाकेल अशी. वळला. "चला," म्हणाला, "आज नाही."

त्याची माणसं खवळली. एकानं त्याचा सदरा धरला. "काऊन आज नाही? सांग, काऊन?" तो काही बोलला नाही. बोलला असता, 'खाली कुऱ्हाडी आहेत' एवढे तीन शब्द, तर ते सगळे पिसाळून अंगावर आले असते आणि त्या पांदणीत आठ-दहा मढी पडली असती. त्यांचीही, आमचीही. त्यानं भरलेली गाडी उतारावर थोपवली, एकट्यानं. आणि मी ढिगाऱ्यामागून पहिली आरोळी दिली, "पळाला रे, पळाला."

पुढच्या पोळ्याला मी त्याच्यावर झडती रचली. तोरणाखाली दोन्ही बाजूंनी एकमेकांना टोमण्याच्या ओळी म्हणायच्या, त्या झडत्या. मी म्हटलं:

काटा रुतला बोटाले,
सेनापती पळला गोठ्याले.

पोरं ती ओळ कितीतरी वर्षं म्हणत होती. माझ्या आयुष्यात मी केलेली एकच कविता, ती ही.

त्या दिवशी संध्याकाळीच खालच्यांनी लक्ष्मणला पुढारपणावरून काढलं. आमच्याकडे माझी वाहवा झाली. आणि लढाई तिथं संपली नाही, पण जमीन कोणाच्या लढाईसाठी थांबत नाही. पाऊस उघडला. काळ्या रानात जवारी पेरायची ती हीच वेळ. ओल थोडी खाली उतरते, माती तिफणीच्या दातांना सैल होते, त्याला वाफसा म्हणतात. वाफसा चार-सहा दिवसांचा. गेला की रान दगड होतं आणि साल जातं.

तेव्हा आम्हाला समजलं की आम्ही माणसं वाटली, बैल कोणी बघितले नाहीत. सगळ्या सायडी मधून कापल्या गेल्या होत्या. वरल्यांकडे एकेकटे बैल उरले, खालच्यांकडे एकेकटे. मी पवळ्याला आमच्यातल्याच दुसऱ्या एका बैलाशी जोडला. तोही उजव्या अंगाचा. दोघंही उजवीकडेच सरायचे. एक दुसऱ्याला ढकलायचा, जू तिरपं व्हायचं, तिफण वावरात सापासारखी फिरायची. मी पवळ्याला मारलं. त्याआधी कधी मारलं नव्हतं. तो माझ्याकडे न बघता पांदणीच्या दिशेनं कान लावून उभा राहिला. ढिगाऱ्याच्या पलीकडून हिऱ्याचं हंबरणं ऐकू येत होतं. दोन्ही अंगाला, शिवारभर, अर्ध्या जोड्या उभ्या होत्या, आणि वाफसा जात होता.

नामदेव पाटलांना याची काही झळ नव्हती. त्यांच्या घरी तीन जोड्या. त्यांची पेरणी दोन दिवसांत उरकली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ते एकटे पांदणीत आले, मानाच्या जोडीतला उजवा बैल हाताशी धरून. जाड अंगाचे, चालताना धाप लागायची. ढिगाऱ्यापाशी थांबले.

"किसन, काढ हे."

"पाटील, जिंकलेली पांदण सोडता?"

"पांदणीत पेरता येते का तुले?"

मी हललो नाही. तेव्हा त्यांनी धोतर खोचलं आणि आपल्या हातांनी काटे ओढायला लागले. ओढता ओढता एक कुऱ्हाड बाहेर आली, मग दुसरी. सातही निघाल्या. पाटलांनी त्या ओळीनं धुऱ्यावर ठेवल्या आणि मोजल्या. लक्ष्मण का वळला, ते त्या घडीला त्यांना कळलं असणार. मला म्हणाले, "ज्याची त्याच्या घरी नेऊन दे." बस. ना शिवी, ना शाप.

मी म्हटलं, "पाटील, तुमी हरवलं आमाले."

"हाव," म्हणाले. "कोणीतरी हरावं लागते. तुले जमत नाही, मले जमते."

आणि बैल घेऊन खालच्या अंगाला गेले. तिथं एका एकबैली घरापुढं उभे राहून म्हणाले, "हा उजवा हाये. तुहा डावा काढ." गावचा पाटील, ज्याच्या मानासाठी आम्ही लढत होतो, दुसऱ्याच्या वावरात सायडीला उभा राहिला. त्या दुपारी एकेक करून बैल पांदणीतून इकडून तिकडे जायला लागले. बोललं कोणी कोणाशी नाही. जू उचललं गेलं, एवढंच. पुढच्या पोळ्याला पाटलांनी आपली जोडी सगळ्यांच्या मागे उभी केली. खालच्यांनीच ती कासऱ्याला धरून पुढं आणली.

काटे निघाले त्या दुपारी लक्ष्मणही आला होता, हिऱ्याला घेऊन. मी पवळ्याला पुढं केलं. दोघं आपापल्या जागी गेले. आम्ही मागे चाललो, मी उजवीकडे, तो डावीकडे. तो माझ्याशी बोलेना. बांधापाशी येऊन हिऱ्याला म्हणाला, "हिऱ्या, त्याले सांग, तिफण दाबून धर."

मलाही ताठा होता. मी म्हटलं, "पवळ्या, त्याले सांग, मले शिकवू नको."

अशी आमची सायड आणखी नऊ वर्षं चालली. बैलांमार्फत. हिऱ्या, त्याले सांग, उद्या लवकर ये. पवळ्या, त्याले इचार, पोरीचं लग्न ठरलं म्हणतात, कुठं दिलं? लोक हसायचे. मग पवळ्या मेला. दोन महिन्यांत हिऱ्या गेला. आणि आमच्या दोघांत बोलायला कोणी राहिलं नाही.

लक्ष्मणला गावात पुन्हा कोणी कशात पुढं केलं नाही. पंच म्हणून बसवलं नाही, भांडणात साक्षीला बोलावलं नाही. 'त्याचं काय, तो पळतो' असं म्हणत. तो पोळ्याला मागे उभा राहतो, तोरण तुटायच्या आत घरी जातो. हे मी शेहेचाळीस वेळा बघितलं आहे. मी सांगू शकत होतो आणि सांगितलं नाही. माझ्यासोबतचे सहाही जण एकेक करून गेले, आणि प्रत्येक वेळी मला थोडं सुटल्यासारखं वाटलं. तेही लिहून टाकतो.

खांदशेकणीला, उतरत्या दुपारी पारावर लोक जमले. हळद, तूप आणि शेकलेल्या पळसपानांचा वास अंगाला येत होता. संध्याकाळी बैलाला म्हणायचं असतं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. सुनंदानं माझ्यासाठी खुर्ची मांडली होती. मी बसलो नाही. लक्ष्मण शेवटाला, भिंतीला टेकून, कान झाकून फेटा बांधलेला.

मी म्हटलं, "वरल्यांचा सेनापती नामदेव पाटील. दोरी त्याच्या सुनेच्या हाती द्या, पोरं आदिलाबादले असले तरी ती हाये गावात."

लोक चुळबुळले. माझी सून बायांमध्ये बसली होती, तिनं माझ्याकडे बघितलं.

"आन खालच्यांचा सेनापती लक्षुमन."

कोणीतरी हसलं. मला ते अपेक्षित होतं. ते हसणं मीच पेरलं होतं. मी हात वर केला आणि सगळं सांगितलं. सात कुऱ्हाडी, तिवसाचा दांडा, खाच, झाकलेली फांदी. झडती कोणी रचली ते. साठ नव्हते, पन्नासाच्या आत होते, तेही.

खालच्या अंगाचा एक जण उठला. त्याचा बाप त्या दिवशी पांदणीत होता. "किसनकाका, माह्या बापानं मरेपर्यंत याले पळपुटा म्हटलं. तुमी काऊन नाही बोलले?"

"बोललो असतो तं मी सेनापती राह्यलो नसतो."

"मंग आता तुमी कोण?"

"मी काटे टाकणारा."

त्यानं वळून लक्ष्मणला विचारलं, "काका, खरं हाये का हे?"

लक्ष्मण भिंतीला हात लावून उठला. "कवाची गोष्ट," म्हणाला, आणि घराकडे निघून गेला. पाठमोरा, तसाच, पांदणीतल्यासारखा. पण या वेळी कोणी आरोळी दिली नाही. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली, आणि तो दिसेनासा होईपर्यंत कोणी बसलं नाही.

घरी सुनेनं पाट मांडला. ताट वाढलं, पाणी ठेवलं. मग म्हणाली, "मामाजी, जेवा. सेनापतीले भूक लागत नसंल, काटे टाकणाराले लागत असंल."

मी पोटभर जेवलो. खोटं काय सांगू.

आता पांदणीचं एक राहिलं. ढीग निघाला, पण त्या काट्यांना शेंगा होत्या. त्या गळून मातीत गेल्या, आणि ज्या ठिकाणी मी वाट अडवली, नेमक्या त्या ठिकाणी बाभळी उगवल्या. दोन्ही धुऱ्यांना, काही थेट गाडीवाटेच्या कडेला. आज त्या माणसाच्या कवेत मावत नाहीत. कापसाची गाडी गेली की फांद्यांना कापूस लोंबतो, ट्रॅक्टरवाले शिव्या देतात. कोणाला वाटतं देवानं लावल्या. मला माहीत आहे कोणी लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोळ्याच्या सकाळी, मी बैलाला नाल्यावर धुतलं आणि कुऱ्हाड काढली. पातं दोनदा बदललं आहे, दांडा तोच. सून म्हणाली, "पोळ्याच्या दिवशी कुऱ्हाड?"

"पोळा बैलाचा असते. मी काय बैल हाये?"

"ते घरच्यांले इचारा," म्हणाली, पण भाकरी बांधून दिली.

बैलाला पांदणीच्या तोंडाशी बांधलं आणि पहिल्या बाभळीला भिडलो. त्र्याहत्तर वर्षांचा हात. दहा घाव घातले की दम खायचा, पुन्हा दहा. बाभूळ आतून लाल असते. ढलप्या उडत होत्या, बैल कान हलवत होता, गावातून वाजंत्र्यांचा सराव ऐकू येत होता. मी खालच्या फांद्या छाटत होतो, वाटेवर येणाऱ्या.

मागून काठीचा आवाज आला. मी वळलो नाही. लक्ष्मण येऊन बैलापाशी थांबला. त्याच्या पाठीवरून हात फिरवला, खांद्यावरची कालची हळद बोटानं पुसून बघितली.

"त्याले सांग," तो बैलाला म्हणाला, "बुडातून तोड. वरून तोडलं तं अजून फुटते."

मग काठी धुऱ्याला टेकवली, तोडलेली फांदी धरली आणि डाव्या बाजूनं ओढायला लागला.

मी बुडात घाव घातला.